प्रस्तावना : लेख परत का येतो

वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवलेला लेख परत आला की आपल्याकडच्या तरुण डॉक्टरांच्या तोंडून पहिलं कारण निघतं ते इंग्रजीचं. ‘आमचं इंग्रजी कच्चं पडतं, सर.’ दुसरं कारण नावाचं : मोठी संस्था पाठीशी नव्हती, म्हणून घेतला नाही. तिसरं नशिबाचं. मी बरीच वर्षं पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिकवतो आहे आणि नियतकालिकांकडून अभिप्रायासाठी आलेले लेख वाचतो आहे. या तिन्ही कारणांत थोडंफार तथ्य असलं, तरी मूळ दुखणं तिथे नाही असं माझं ठाम मत झालं आहे. नाकारल्या जाणाऱ्या बहुतेक लेखांचा निकाल पहिला रुग्ण नोंदवण्याआधीच लागलेला असतो. निवासी डॉक्टर पहिल्या वर्षाला असतो. वॉर्ड, ओपीडी आणि इमर्जन्सी यांत त्याला धड झोपायला मिळत नाही. विद्यापीठाची तारीख तोंडावर येते, आणि मागच्या बॅचमधल्या कुणाची तरी प्रबंधाची सिनॉप्सिस समोर ठेवून, आजाराचं नाव बदलून, एका रात्रीत नवी तयार होते. त्या रात्री जे ठरतं, तेच पुढे संपादकाच्या पत्रातून परत येतं.

हे पुस्तक त्या रात्रीविषयी आहे. लेख कसा लिहावा यावरची प्रकरणंही त्यात आहेत, पण ती शेवटी ठेवली आहेत. आधीची सगळी पानं प्रश्न कसा शोधावा, रुग्ण कसे निवडावेत, मोजमाप कसं करावं आणि रुग्णाला काय सांगावं यांवर खर्च केली आहेत. वाचकाने ती ओलांडून थेट शेवट गाठू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

लेख पाठवल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. म्हणून थोडक्यात सांगतो. पहिली चाळणी संपादकाच्या टेबलावर लागते. तो शीर्षक, सारांश आणि पद्धतींचा भाग वाचतो, तक्त्यांवरून नजर फिरवतो, आणि लेख परीक्षकांकडे पाठवायचा की इथूनच परत करायचा हे ठरवतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ किंवा ‘लॅन्सेट’ यांच्याकडे येणाऱ्या शंभर लेखांपैकी साधारण पाचच छापले जातात, आणि परत जाणाऱ्यांतले बहुतेक या पहिल्या टप्प्यातच थांबतात. दुसरी चाळणी परीक्षकांची. हे त्याच विषयात काम करणारे डॉक्टर किंवा संशोधक असतात, बहुतेकांना या कामाचा मोबदला मिळत नाही, आणि आपली ओपीडी, शस्त्रक्रिया, वर्ग सांभाळून ते रात्री लेख वाचतात. बऱ्याच ठिकाणी शेवटी संख्याशास्त्रज्ञ आकडे तपासतो. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ १९१३ पासून निघतं, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातल्या अध्यापकांचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून. तिथेही क्रम हाच आहे, फक्त माणसं कमी आणि पैसाही कमी. लेखकाला तीन-तीन महिने उत्तर येत नाही ते त्यामुळे.

पहिल्या चाळणीत काही लेख अगदी साध्या कारणाने अडतात. दिलेली शब्दमर्यादा पाळलेली नसते, नीतिसमितीच्या मंजुरीचा उल्लेख नसतो, किंवा भूलशास्त्राचा लेख बालरोगाच्या नियतकालिकाकडे गेलेला असतो. हे टाळणं एका दुपारचं काम आहे. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला एकत्र जमले आणि लेख कसा पाठवावा याचे समान नियम त्यांनी ठरवायला घेतले. त्या गटाची पुढे आंतरराष्ट्रीय समिती झाली आणि तिची नियमावली आज कुणालाही फुकट वाचता येते. ती वाचावी, एवढंच त्याबद्दल सांगणं पुरे.

खरं अडतं ते प्रश्नावर. प्रबंधांच्या याद्या चाळल्या की शीर्षकांचा एक साचा दिसतो : अमुक आजाराच्या रुग्णांतील रक्तातल्या तमुक घटकाच्या पातळीचा तृतीय स्तरीय रुग्णालयातील अभ्यास. यात प्रश्न कुठे आहे? पातळी वाढलेली निघाली तर डॉक्टर उद्या वेगळं काय करणार, आणि नाही निघाली तर काय करायचं सोडून देणार? संपादक पहिल्या वाचनात हेच शोधत असतो. त्याला उत्तर सापडलं नाही तर पुढचं इंग्रजी कितीही सफाईदार असलं तरी लेख परत जातो, आणि तो परत जाणं योग्यच असतं असं मी म्हणेन.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या कोकणातलं आहे. डॉ. हिंमतराव बावसकर महाडच्या परिसरात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट मुलं आणि शेतमजूर दगावत होते. त्यांनी खाटेजवळ बसून पाहिलं : कुणाला उलट्या होतात, कुणाला दरदरून घाम सुटतो, कुणाचे हातपाय गार पडतात, आणि यांतल्या कुणाच्या हृदयावर पुढे ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं. कोणती लक्षणं धोक्याची आगाऊ सूचना देतात, हा त्यांचा प्रश्न. १९८२ मध्ये हे निरीक्षण ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यावर नाव एकट्या बावसकरांचं होतं. पुढे १९८६ मध्ये, रक्तदाब उतरवणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त गोळीच्या उपयोगाविषयीचं त्यांचं आणि डॉ. प्रमोदिनी बावसकरांचं लेखनही तिथेच आलं. आणि २०११ मध्ये प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र द्यावं की नुसतं प्राझोसिन, याची रँडमाइज्ड चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापली. त्या चाचणीत रुग्ण होते ७०, प्रत्येक गटात ३५. औषध कोणतं दिलं हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होतं, आणि लेखात ते लपवलेलं नाही.

नाव नसलेल्या संस्थेचं कुणी छापत नाही असं म्हणणाऱ्यांनी महाडकडे पाहावं. त्याहून महत्त्वाची गोष्ट तिथला नमुना लहान होता ही आहे. प्रश्न नेमका असला आणि दोन उपचारांत फरक मोठा असला तर ७० रुग्ण पुरतात. प्रश्न धूसर असला तर ७०० सुद्धा कमी पडतात.

आता पद्धतीकडे येतो, कारण परीक्षकांचा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. एक काल्पनिक अभ्यास घेऊ. आकडे माझे आहेत, पण यातली प्रत्येक चूक परीक्षकांच्या ओळखीची आहे. मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात गरोदर स्त्रियांमधल्या रक्तक्षयावर काम झालं. शिरेतून दिलेलं आयर्न सुक्रोज आणि लोहाच्या नेहमीच्या गोळ्या, यांत हिमोग्लोबिन कशाने जास्त वाढतं? प्रश्न चांगला आहे, उपयोगाचा आहे. शंभर जणी घेतल्या, पन्नास-पन्नास. लेखात वाक्य आहे : ‘रुग्णांचं रँडमायझेशन करण्यात आलं.’

परीक्षक विचारतो, कसं केलं? उत्तर येतं की सोमवारी आणि बुधवारी आलेल्यांना इंजेक्शन, मंगळवारी आणि गुरुवारी आलेल्यांना गोळ्या. याला रँडमायझेशन म्हणत नाहीत. सोमवार तालुक्याच्या बाजाराचा दिवस असेल तर वाडी-तांड्यावरच्या बायका त्याच दिवशी येणार, मंगळवारी शहरातल्या. शिवाय आज इंजेक्शनचा दिवस आहे हे ओपीडीतल्या डॉक्टरला माहीत असल्याने, फारच पांढरीफटक दिसणारी बाई मंगळवारी आली तर तिला ‘उद्या ये’ म्हणून सांगितलं जातं. ते माणुसकीचं आहे, पण त्याने दोन्ही गट सुरुवातीलाच वेगळे होऊन बसतात.

मग परीक्षक शेवटचा तक्ता पाहतो. तिथे पन्नास-पन्नास नाहीत. इंजेक्शनच्या गटात ४६ आहेत आणि गोळ्यांच्या गटात ३१. लेखाच्या मजकुरात उरलेल्यांचा कुठेच पत्ता नाही. त्या २३ जणी कुठे गेल्या? बीडचा, जालन्याचा डॉक्टर हे उत्तर न विचारता देऊ शकेल. दिवाळी झाली, गाळप हंगाम सुरू झाला, आणि त्या नवऱ्याबरोबर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेल्या. इंजेक्शनवाल्यांचे डोस थोड्या दिवसांत पुरे झाले, गोळ्यांवाल्यांना महिनोन्महिने यायचं होतं. म्हणजे गळती कुठल्याही बायकांची झाली नाही. ज्यांच्या घरी शेत नाही, ज्यांच्या ताटात भाजी कमी, ज्या वाकून मोळ्या बांधणार, त्याच तक्त्यातून निघून गेल्या. उरलेल्या ३१ जणींचं सरासरी हिमोग्लोबिन काढून त्यावर स्टुडंट टी टेस्ट चालवली की पी व्हॅल्यू येते, पण ती मूळच्या पन्नास जणींबद्दल काहीच सांगत नाही. वर कुणी गोळ्या खरोखर खाल्ल्या का, हे कुणी मोजलेलंच नसतं. आणि शेवटचं वाक्य असतं : शिरेतून लोह देण्याची पद्धत सर्व गरोदर स्त्रियांसाठी अवलंबावी.

हा लेख परत गेला की लेखकाला वाटतं, परीक्षक खडूस होता. पण आता परीक्षक तरी काय सुचवणार? भाषा सुधारता येते, तक्ता नव्याने मांडता येतो, पण निघून गेलेल्या बायका परत आणता येत नाहीत. हे सगळं टाळायला सुरुवातीला काय लागलं असतं? संगणकावर काढलेली आकड्यांची यादी, अपारदर्शक बंद पाकिटं, गोळ्यांची रिकामी पाकिटं परत आणायला सांगणं, आणि नोंदणीच्या कागदावर नवऱ्याच्या फोनखाली मुकादमाचा फोन नंबर लिहून घेणं. किंवा अभ्यास हंगाम पाहून सुरू करणं. याला कुठलंही अनुदान लागत नाही. सिनॉप्सिस लिहिताना या जिल्ह्यातल्या बायका वर्षभर कुठे असतात हा विचार करायला हवा होता, इतकंच.

नमुन्याच्या आकाराचं दुखणंही असंच आधीचं आहे. तीस-तीसचे दोन गट ही आपल्याकडची जणू परंपरा झाली आहे. समजा, शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याचं प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर येतं का हे पाहायचं आहे. निम्म्याने कमी होणं म्हणजे मोठीच गोष्ट. पण प्रत्येक गटात तीस रुग्ण घेतले तर एका बाजूला सहा जणांची जखम चिघळेल आणि दुसऱ्या बाजूला तिघांची. सहा आणि तीन यांतला फरक नुसत्या योगायोगानेही सहज पडतो. हा फरक पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल तर प्रत्येक गटात साधारण दोनशे रुग्ण लागतात. तीस रुग्णांवरून ‘दोन्ही पद्धतींत फरक नाही’ असा निष्कर्ष काढणारा लेख त्यामुळे चुकीचा असतो, कारण फरक असता तरी तो त्याला दिसला नसता. ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये १९७८ साली फ्रायमन आणि सहकाऱ्यांनी ‘फरक आढळला नाही’ म्हणणाऱ्या ७१ चाचण्या तपासल्या होत्या. त्यांतल्या ५० चाचण्यांत, उपचाराने ५० टक्के सुधारणा झाली असती तरी ती निसटून जाण्याची दखल घेण्याजोगी शक्यता होती. म्हणजे हा रोग आपल्या गावचा नाही, सगळीकडचा आहे.

संख्याशास्त्रज्ञाकडे आपण जातो केव्हा? मास्टर चार्ट भरून झाल्यावर. आर. ए. फिशर १९३८ मध्ये कलकत्त्याला पहिल्या भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून आले होते. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुधा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, तो फार तर मृत्यूचं कारण सांगू शकेल, अशा आशयाचं ते तिथे बोलले. हे वाक्य जगभरच्या पाठ्यपुस्तकांत उद्धृत होतं. बोललं गेलं ते आपल्याच देशात, डॉक्टरांच्याही उपयोगाचं, आणि आपल्याच महाविद्यालयांत ते सगळ्यात कमी पाळलं जातं.

रुग्ण कुठून आले, हा प्रश्न परीक्षक न चुकता विचारतो. रुग्णालयात येणाऱ्यांवरून गावाबद्दल बोलता येत नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचं १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं. हीच टक्केवारी एखाद्या रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीतून आली असती तर तिला काहीही अर्थ नव्हता, कारण ओपीडीत त्रास असलेल्याच बायका येतात. गावात घरोघरच्या बायकांकडे, तक्रार नसलेल्यांकडेही गेल्यामुळे त्या आकड्याने जगाचं लक्ष वेधलं. ते करायला मोठं यंत्र लागलं नाही. गावातल्या बायकांचा विश्वास लागला, आणि माझ्या मते तो मिळवणं यंत्र मिळवण्याहून अवघड आहे.

नीतिमत्तेच्या बाबतीत मात्र मी कुठलीही सबब ऐकायला तयार नाही. आधी रुग्णांवर प्रयोग करायचा आणि मंजुरीचा कागद नंतर मिळवायचा, हा प्रकार अजून चालतो. क्लिनिकल ट्रायलची नोंदणी भारतीय नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, करण्याची सोय जुलै २००७ पासून आहे. जून २००९ पासून ती औषधांच्या चाचण्यांना सक्तीची झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेतल्यानंतर नोंदणी करताच येत नाही. आंतरराष्ट्रीय संपादकांच्या समितीने तर जुलै २००५ पासूनच आगाऊ नोंदणी नसलेल्या चाचण्या न छापण्याचं धोरण घेतलं. कारण सरळ आहे. काय मोजणार हे आधी जाहीर केलेलं नसलं तर वीस गोष्टी मोजून त्यांतली अनुकूल आलेली एकच छापता येते. नोंदणी क्रमांक नसलेला लेख परत आला तर त्यावर उपाय नाही, आणि असू नये.

यात रुग्णाचं काय होतं, हे लेख परत आल्याच्या दुःखात आपण विसरतो. सरकारी रुग्णालयातली बाई संमतीपत्रावर अंगठा उठवते तो डॉक्टरच्या शब्दावर. तिच्या दंडातून जास्तीचं पाच मिलिलिटर रक्त घेतलं जातं, तिची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि तिला सांगितलेलं असतं की यातून पुढे दुसऱ्यांना उपयोग होईल. ज्या अभ्यासातून काही कळणं पहिल्यापासूनच शक्य नव्हतं, त्यासाठी तिला हे सांगणं खोटं ठरतं. डग्लस ऑल्टमन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये निकृष्ट वैद्यकीय संशोधनाला उघडपणे घोटाळा म्हटलं, आणि २००९ मध्ये इयन चाल्मर्स आणि पॉल ग्लॅझियू यांनी ‘लॅन्सेट’मध्ये हिशेब मांडला की वैद्यकीय संशोधनावरची सुमारे ८५ टक्के गुंतवणूक टाळता येण्याजोग्या कारणांनी वाया जाते. त्यांच्या कारणांच्या यादीतलं पहिलंच कारण होतं चुकीचा प्रश्न. माझ्या मते हे नुकसान पैशांत मोजून संपत नाही.

लेखनातल्या चुकांबद्दल पुस्तकात भरपूर आहे, इथे ओझरतं सांगतो. निष्कर्ष पुराव्यापेक्षा मोठा करू नये. दुसऱ्याचे परिच्छेद उचलले तर संगणक ते काही मिनिटांत पकडतो. एका अभ्यासाचे तुकडे करून तीन लेख करू नयेत. लेखकांच्या यादीत विभागप्रमुखांचं नाव केवळ ते विभागप्रमुख आहेत म्हणून घालू नये. हे शेवटचं तरुणांच्या हातात नसतं हे मला माहीत आहे. म्हणूनच ते इथे, त्यांचे गाईडही वाचतील अशा ठिकाणी लिहितो आहे.

नियतकालिकं नेहमी बरोबर असतात असं मात्र कुणी समजू नये. सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनला चिकटणारी प्रतिपिंडं तयार होतात हे दाखवलं. इतक्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडं होऊच शकत नाहीत, अशी तेव्हाच्या जाणकारांची समजूत होती. ‘सायन्स’ने लेख नाकारला. ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’नेही आधी नाकारला, आणि शीर्षकातून ‘इन्सुलिन प्रतिपिंड’ हे शब्द काढून टाकल्यावर १९५६ मध्ये छापला. त्या कामातून रक्तातली अतिसूक्ष्म मात्रेतली संप्रेरकं मोजण्याची रेडिओइम्युनोअसे ही पद्धत उभी राहिली. आज थायरॉईडचा रिपोर्ट हातात घेणारा प्रत्येक जण त्या विचाराचा ऋणी आहे. १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल मिळालं तेव्हा त्यांनी नोबेल व्याख्यानात ते नकाराचं पत्र जगाला दाखवलं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आपण पाठ करतो त्या क्रेब्ज सायकलचा मूळ लेख १९३७ मध्ये ‘नेचर’ने परत पाठवला होता, तो पत्रांचा साठा सात-आठ आठवडे पुरेल एवढा आहे म्हणून. एकाला समजुतीने नाकारलं, दुसऱ्याला जागेअभावी.

आणि नाकारायला हवं होतं ते छापल्याचे दाखले जास्त भयंकर आहेत. बारा मुलांवरच्या निरीक्षणातून गोवरप्रतिबंधक लसीचा संबंध ऑटिझमशी सुचवणारा लेख ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला आणि मागे घेतला २०१० मध्ये. त्या बारा वर्षांत लस टाळणाऱ्या घरांतल्या मुलांना गोवर झाला. मे २०२० मध्ये ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ कोविड रुग्णांच्या नोंदी असल्याचा दावा करणारा हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लेख त्याच नियतकालिकात आला. त्या नोंदी कुणालाच तपासायला मिळेनात, आणि दोन आठवडे व्हायच्या आत तो मागे घ्यावा लागला. शंकेखोर परीक्षकाचा मला राग येत नाही तो यामुळे. ज्यांना ‘उपयोग झाला नाही’ असं आढळलं त्यांचे प्रामाणिक लेख बाजूला सारणाऱ्या संपादकांचा मात्र येतो, कारण तेच काम दुसरा डॉक्टर दुसऱ्या गावात दुसऱ्या रुग्णांवर पुन्हा करतो.

आपल्याकडे या सगळ्याला नोकरीचं ओझं जोडलेलं आहे. पदव्युत्तर परीक्षेला बसण्याआधी एक लेख छापलेला, स्वीकारलेला किंवा निदान पाठवलेला असावा, असा नियम पूर्वीच्या मेडिकल कौन्सिलने केला होता. बढतीसाठीही लेख लागतात. हेतू चांगला असेल, पण ज्या महाविद्यालयात एका शिक्षकाकडे वॉर्ड, वर्ग, परीक्षा आणि कोर्टाच्या तारखा असतात तिथे त्यातून संशोधन उगवत नाही, बाजार उगवतो. पैसे भरा, आठवड्यात छापतो, असं सांगणारी नियतकालिकं या बाजारातली आहेत. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशनसमूहाला पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. परीक्षण होतं असं खोटं सांगणं आणि शुल्क आधी न सांगणं हे त्यातले मुख्य आरोप होते. परत आलेला लेख अशा ठिकाणी टाकू नका, असं मी प्रत्येक बॅचला सांगतो. तिथे तो कुणी तपासत नाही, आणि चुकीचा असेल तर तो पुढच्या कुणाच्या तरी उपचारात शिरतो.

मोठ्या परदेशी नावाचाच हट्टही नको. मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखाला टाका घालण्याची आपली पद्धत १९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या ‘द अँटिसेप्टिक’मध्ये, जेमतेम दोन पानांत मांडली. जगभरचे प्रसूतितज्ज्ञ तो टाका आजही शिरोडकरांच्या नावाने ओळखतात. काम त्या दर्जाचं असेल आणि ते ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोहोचणार असेल, तर ते देशी नियतकालिकात छापण्यात कमीपणा नाही.

हे पुस्तक मराठीत का लिहिलं, असं काही सहकाऱ्यांनी विचारलं. संशोधनाची पत्रं इंग्रजीत येतात हे खरं. पण संमतीपत्र मराठीत असतं, नीतिसमितीतले वकील आणि सामाजिक कार्यकर्ते मराठीत प्रश्न विचारतात, आणि नोंदी ठेवणाऱ्या सिस्टर, आशाताई, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ मराठीत काम करतात. मुकादमाचा नंबर लिहून घ्यायचं महत्त्व त्यांना कळलं नाही तर तो लिहिला जाणार नाही. शिवाय विद्यार्थ्याला आपला प्रश्न समोरच्या रुग्णाला दोन वाक्यांत मराठीत सांगता येतो का, हे मी सिनॉप्सिसवर सही करण्याआधी पाहतो, आणि इतर गाईडनीही पाहावं असं मला वाटतं.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतची प्रकरणं विषय ठरवायच्या आधी वाचावीत आणि सहाव्या प्रकरणातला गळतीचा तक्ता आपल्या जिल्ह्यातला हंगाम, बाजाराचा वार आणि एसटीच्या वेळा पाहून भरावा. गाईडनी तिसरं प्रकरण विद्यार्थ्याबरोबर बसून वाचावं. ज्यांचा लेख नुकताच परत आला आहे त्यांनी मात्र अकराव्या प्रकरणापासून सुरुवात करायला हरकत नाही. परीक्षकाच्या कोणत्या आक्षेपाला उत्तर देता येतं, कोणत्या आक्षेपासाठी आकडे पुन्हा तपासावे लागतात, आणि कोणता आक्षेप मान्य करून अभ्यासच नव्याने उभा करावा लागतो, याची उदाहरणं तिथे एकेक करून सोडवून दाखवली आहेत.